पिकअप घ्यायचीय: सिंगल केबिन मोठा हौदा की डबल केबिन छोटा हौदा?

पिकअप घ्यायचं ठरलं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते हौदा, म्हणजे मागची माल भरायची जागा, मोठा पाहिजे, माल बसला पाहिजे, दुसरी म्हणते मागे सीट पाहिजे म्हणजे कामाची माणसं पण बसतील आणि कधी घरचे पण. दोघंही खरंच बोलतात, पण चॅसी तेवढीच असते ना, केबिन मागे सरकली की हौदा आखूड होतो आणि हौदा लांबवला की माणसं खाली उतरतात. आणि एकदा आरटीओत पासिंग झालं की मग काही करता येत नाही, त्यामुळे हा निर्णय शोरूमच्या गार गार एसीत बसून घ्यायचा नाही, घरी नीट डोकं लावून घ्यायचा.

मी लोकांना एकच प्रश्न विचारतो. तुमचा माल आणि तुमची माणसं एकाच फेरीत जातात का? रोजच्या धंद्यात किती माल आणि किती माणसं हे वेगळं विचारलं तर सगळे मोठे मोठे आकडे सांगतात, त्याचा उपयोग नाही. पहाटे टोमॅटो मार्केटला जातो तेव्हा गाडीत ड्रायव्हर आणि फार तर एक जण असतो, आणि खुरपणीला बायका न्यायच्या असतात तेव्हा हौदा रिकामा असतो, म्हणजे माल आणि माणसं वेगवेगळ्या वेळी जातात. अशा माणसाने डबल केबिन घेतली तर रोज तीन-चार सीटा रिकाम्या फिरवायच्या आणि माल मात्र दोन फेऱ्यात न्यायचा, डिझेल कोण भरणार? उलट बोअरवेलची मोटर काढणारे, टॉवरचं काम करणारे, एमएसईबीचे ठेकेदार, रस्त्याचे सर्व्हेवाले, यांची चार माणसं आणि त्यांची हत्यारं सकाळी एकत्र निघतात आणि संध्याकाळी एकत्र येतात. त्यांच्यासाठी डबल केबिनच, तिथे मला फार विचार करावा असं वाटतच नाही.

आता बाजारात काय काय आहे ते पटकन. सिंगल केबिनमध्ये महिंद्राची बोलेरो पिकअप आणि तिची नवी मॅक्स पिकअप, टाटा योद्धा, टाटा इन्ट्रा, अशोक लेलँडची दोस्त, आणि इसुझूची डी-मॅक्स रेग्युलर कॅब. डबल केबिनमध्ये बोलेरो कॅम्पर, योद्धाची क्रू कॅब, इसुझूची एस-कॅब, आणि वरच्या पैशात व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स. जुन्या बाजारात स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, इंपेरिओ अशा पण दिसतात. मधला प्रकार, म्हणजे दीड केबिन, सीटच्या मागे थोडी जागा आणि हौदा त्यामानाने लांब, तो इसुझूने स्पेस कॅब नावाने आणला होता पण तो चालू राहिला नाही, म्हणून नवीन घेताना आपल्याकडे खरं तर दोनच पर्याय उरतात. अमेरिकेतले व्हिडिओ बघून गोंधळू नका, तिकडे फोर्ड एफ-१५० मध्ये तीन प्रकारच्या केबिन आणि साडेपाच, साडेसहा, आठ फूट असे तीन हौदे, त्यांचं गणित वेगळं. (तुम्ही टेक्सासला नाहीतर न्यू जर्सीला राहत असाल आणि तिकडेच घेणार असाल तर आधी गॅरेजची खोली मोजा, मोठ्या केबिनची साडेपाच फुटी हौद्याची एफ-१५० साधारण १९ फूट ४ इंच भरते, साडेसहावाली २० फुटाच्या पुढे जाते, पुष्कळ गॅरेजं २० फुटाचीच असतात, संपला विषय.)

आता हौद्याकडे येऊ, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. मोठा हौदा म्हणजे जास्त माल असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण माल दोन जातीचा असतो, एक जड आणि एक हलका पण ढिगाने जागा खाणारा. जड मालात हौदा भरायच्या आधी वजन संपतं.

टोमॅटोचं गणित मांडून बघा. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत कुठेही जा, २० किलोचं प्लास्टिक कॅरेट, साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटर, कॅरेटचं स्वतःचं वजन धरून २२ किलो. बोलेरो पिकअपच्या १.७ टनवाल्या लांब हौद्याची आतली लांबी ९ फुटाच्या आसपास आणि रुंदी साडेपाच फूट. आडवी तीन कॅरेट बसतात आणि लांबीत सात ओळी, म्हणजे एका थरात २१. मॅक्स पिकअप एचडी २.० चा मोठा हौदा ३०५० मिलिमीटरचा, म्हणजे १० फूट, त्यात आठ ओळी, २४ कॅरेट. चार थर लावले की ९ फुटीत ८४ कॅरेट म्हणजे १८४८ किलो झाले, गाडी १७०० किलो मालाची. १० फुटीत ९६ कॅरेट म्हणजे २११२ किलो, गाडी २ टनाची. दोन्हीकडे चौथा थर पूर्ण भरायच्या आधीच वजन संपलं, आणि यात ड्रायव्हर धरलेलाच नाही. म्हणजे टोमॅटो, कांदा, बटाटा, सिमेंट, टाईल्स, खत असला माल असेल तर तुम्ही फूट विकत घेत नाही, टन विकत घेता. तिथे हौदा ९ की १० हा वाद घालण्यापेक्षा गाडी किती टनाची पास आहे ते बघा.

उलट कोथिंबीर, मेथी, झेंडू, शेवंती, कडबा, रिकामी कॅरेट, थर्माकोल, गाद्या, मंडपाचं सामान, इथे वजन कधीच भरत नाही, इथे एकेक फूट मोजून पैसे देतो. फुलवाला नाहीतर मंडप डेकोरेशनवाला डबल केबिन घ्यायला निघाला तर त्याला धरून बसवा आणि चहा पाजा.

तिसरी जात लांब मालाची. ८ बाय ४ चा प्लायवूड, सनमायका, पत्रे, सोलर पॅनेल. सोलरवाल्यांचं उदाहरण मला मुद्दाम घ्यावंसं वाटतं कारण २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून गावोगाव पोरांनी हे काम सुरू केलंय आणि सगळे आधी डबल केबिनच बघायला जातात, कारण तीन-चार जण लागतात छतावर. आता ५५० वॅटचं पॅनेल साधारण २२७८ बाय ११३४ मिलिमीटरचं, म्हणजे साडेसात फूट लांब. ९ फुटाच्या हौद्यात ते आरामात आडवं झोपतं, बाजूला दीड फुटाच्या वर जागा उरते त्यात स्ट्रक्चर, केबल, इन्व्हर्टर. डबल केबिनचा हौदा पाच-एक फुटाचा, त्यात पॅनेल अडीच फूट बाहेर लोंबतं, फाळका (हौद्याचं दार) उघडा ठेवून दोरीने बांधून न्यायचं, खड्ड्यात एक आदळलं की काचेला तडा. आणि कायद्याने पण बॉडीच्या बाहेर माल आला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. ओव्हरलोडला पण २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माझं मत सरळ आहे, सोलरवाल्याने सिंगल केबिन घ्यावी आणि दोन पोरं मोटरसायकलवर पाठवावीत. काही जण डबल केबिनवर लोखंडी कॅरिअर करून वरून पॅनेल नेतात, करता येतं, पण २७-२८ किलोचं पॅनेल रोज डोक्याच्या वर चढवायचं-उतरवायचं आणि घाटात वारा लागला की जीव मुठीत, त्यात मजा नाही.

आणि एक, २० फुटी पाइपचा निकष धरूच नका. पीव्हीसी असो की जीआय, सहा मीटरचा पाइप कुठल्याच पिकअपच्या हौद्यात बसत नाही, ९ फुटीत पण नाही आणि ५ फुटीत पण नाही. तो दुकानदाराच्या गाडीनेच मागवायचा किंवा कापून आणायचा. महिन्यातून एकदा लागणाऱ्या पाइपसाठी रोजची गाडी ठरवणारे लोक मी बघितलेत.

हौद्याचा आकार पण बघा, नुसती लांबी नाही. बोलेरो पिकअप, योद्धा सिंगल केबिन यांचे हौदे सपाट, चाकाच्या वर, आणि बाजूचे फाळके पण पडतात, त्यामुळे हमाल तिन्ही बाजूंनी माल भरू शकतो. व्ही-क्रॉस, हायलक्सचा हौदा डब्यासारखा, आत दोन्हीकडे चाकाच्या कमानी येतात आणि फक्त मागचा फाळका उघडतो. म्हणजे रुंदी साडेचार-पाच फूट दिसली तरी तळाला मध्ये तेवढी मिळत नाही, टेप आत टाकून कमानीच्या मधलं अंतर मोजा. सपाट हौद्याचा तोटा म्हणजे उंची, ५० किलोची गोणी छातीपर्यंत उचलायला लागते, एकट्या माणसाला जड जातं.

बरं, आता केबिन. डबल केबिनच्या मागच्या सीटवर स्वतः बसून बघा, आणि शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, खराब रस्त्यावर अर्धा तास. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात, ते टनभर वजनासाठी बनवलेले, गाडी रिकामी असली की मागची सीट उडवते. पाठ सरळ असते, कारण पाठीमागे लगेच हौद्याची भिंत. कामाच्या पोरांना तासाभराच्या प्रवासाला चालतं, पण घरच्यांना घेऊन पंढरपूर किंवा तुळजापूर करायचा विचार असेल तर आई-वडिलांना आधी त्या सीटवर बसवा, गुडघे कुठे लागतात आणि चढताना पायरी किती उंच आहे ते बघा. व्ही-क्रॉस, हायलक्समध्ये बसणं बरंच सुखाचं आहे, पण ती किंमत शेतीच्या मालातून निघत नाही, तो शौक आहे, शौक म्हणूनच घ्या. शिवाय त्या ५.३ मीटरच्या आसपास लांब, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाक किंवा शेपटी बाहेर राहणार आणि शेजारी रोज बोलणार.

मागच्या सीटचा एक फायदा कोणी सांगत नाही, ती कुलूप लागणारी खोली आहे. ड्रिल मशीन, ग्राइंडर, मीटर, बियाण्याच्या पिशव्या, औषधं, हे सगळं सिंगल केबिनमध्ये ठेवायला जागाच नसते, हौद्यात ठेवलं तर पावसात ताडपत्री आणि रात्री चोर. कोकणात चार महिने पाऊस, तिथल्या इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मोबाईल टॉवरवाल्यांना यासाठीच डबल केबिन परवडते, माणूस एकच असला तरी. तरी पण सिंगल केबिनच घ्यायची असेल तर हौद्यात केबिनला लागून लोखंडी पेटी बसवून घ्या, दीड फूट जाईल पण काम होतं.

माणसं न्यायच्या बाबतीत थोडं स्पष्ट बोलतो. हौद्यात माणसं बसवून न्यायची नाहीत. सगळे नेतात हे मला पण माहिती आहे, ऊसतोडीला नेतात, लग्नाला नेतात, जत्रेला नेतात. पण मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या फुकट प्रवाशांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात २००२ मध्येच सांगितलंय. म्हणजे काही झालं तर ते पैसे गाडीमालकाच्या घरातून आणि जमिनीतून वसूल होतात. आरसी बुकावर सीट किती लिहिल्यात तेवढीच माणसं. सिंगल केबिनला ड्रायव्हर धरून दोन किंवा तीन, कॅम्परला पाच. आणि इथेच डबल केबिनच्या मर्यादा पण दिसतात, खुरपणीची टोळी दहा-बारा जणींची, कॅम्पर घेतली तरी तीन फेऱ्या. मजुरांसाठी म्हणून डबल केबिन घेणाऱ्यांनी हे आधीच बोटावर मोजून घ्या.

माणसांचं वजन पण मालातूनच जातं हे लक्षात ठेवा. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं, त्यातला फरक म्हणजे तुमचं सगळं, माल अधिक माणसं. कॅम्पर साधारण एक टनाची, पाच धडधाकट माणसं बसली की सव्वातीनशे-साडेतीनशे किलो तिथेच गेले. शिवाय डबल केबिनचा हौदा मागच्या चाकाच्या वर आणि त्याच्याही मागे येतो, जड माल अगदी फाळक्याला लावून ठेवला की पुढचा भाग हलका होतो, स्टिअरिंग पोकळ लागतं, चढाला तर जास्तच. जड वस्तू नेहमी केबिनच्या भिंतीला चिकटवून ठेवायची. सिंगल केबिनमध्ये हौदा चाकाच्या बराच पुढून सुरू होतो म्हणून वजन दोन्ही ॲक्सलमध्ये बरं वाटलं जातं, पण तिथे पण सगळा माल मागे ढकलून ठेवला तर काही उपयोग नाही.

लांब गाडीचा रस्त्यावर पण त्रास आहे. पाणंद रस्ता, गावातली गल्ली, कोकणात दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, तिथे लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) गाडी एका झटक्यात वळत नाही, मागेपुढे करावं लागतं. ओढ्यातून वर चढताना हौद्याचं मागचं टोक घासतं. महिंद्राने मॅक्समध्ये सिटी आणि एचडी अशा दोन मालिका काढल्यात त्या उगीच नाहीत, शहरातल्या गल्लीबोळात फिरणाऱ्याला छोटा हौदा आणि कमी वळण पाहिजे असतं, हायवेवर रोज मार्केट गाठणाऱ्याला लांब गाडी जास्त स्थिर वाटते. तुमच्या शेताच्या बांधावरून, घराच्या अंगणातून गाडी वळते का हे टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी बोलवून बघा, डीलर पाठवतात, मागायला लाजायचं नाही.

कागदपत्रांचं पण थोडं. व्ही-क्रॉस, हायलक्स पांढऱ्या पाटीवर खासगी म्हणून चालतात, मग त्यात भाड्याने माल न्यायचा नाही. एस-कॅब, कॅम्पर, पिकअप या बहुतेक पिवळ्या पाटीवर. पिवळी पाटी आली की फिटनेस आला, नवीन गाडीला पहिला दोन वर्षांचा, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. भरलेलं वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही, छोट्या केबिन-हौद्याच्या गाड्या यात बसतात आणि मोठ्या हौद्याच्या पुष्कळशा दीड-दोन टनी बाहेर जातात, तेव्हा दोन मॉडेलमध्ये मन अडकलं असेल तर हा फरक पण धरा. लायसन्सची काळजी मात्र मिटली, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

छोटा हौदा घेऊन पुढे गॅरेजमधून वेल्डिंग करून लांबवून घेऊ, असा विचार करणारे पण भेटतात. कंपनीच्या मापात असा बदल आरटीओ पास करत नाही, क्लेमच्या वेळी विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते आणि चॅसीवर मागे वजन लोंबतं ते वेगळंच. बॉडी स्वतःच्या सोयीने बांधायची असेल तर सुरुवातीलाच केबिन-चॅसी घ्या आणि अधिकृत बॉडीवाल्याकडून बांधून मग पासिंग करा.

शेवटी अजूनही ठरत नसेल तर अंगणात खडूने दोन चौकोन आखा, एक ९ बाय साडेपाच फूट, एक ५ बाय ५. आठवडाभर रोजचा माल निघताना त्या चौकोनात रचून बघा आणि भिंतीवर लिहा, आज किती बसला, किती उरला, सोबत किती माणसं निघाली. माल छोट्या चौकोनात रोज बसतोय आणि माणसं तीनच्या वर जातायत तर डबल केबिन. माल उरतोय आणि माणसं दोनच, तर सिंगल. आणि दोन्ही एखाद्या दिवशीच अडत असेल तर त्या दिवसापुरता टेम्पो भाड्याने सांगा, त्याच्यासाठी सात वर्षांचा हप्ता बांधून घेऊ नका. हे झालं की डीलरकडे जाऊन कोटेशनवर तीन गोष्टी लेखी मागा, हौद्याची आतली लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन, आणि आरसीवर किती सीट येणार. तोंडी सांगतात ते आकडे बाहेरून मोजलेले असतात.